खोक्यातल्या रिकाम्या जागेची किंमत

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात गायिका गोहर जान यांचा आवाज मेणाच्या जाड चकत्यांवर उतरवून घेत होते. त्या चकत्यांवरून तबकड्या काढणारा कारखाना तेव्हा हिंदुस्थानात नव्हता. म्हणून चकत्या पेट्यांत भरून बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेल्या, तिथे लाखेच्या तबकड्या तयार झाल्या आणि १९०३ साली पुन्हा समुद्रमार्गे इथल्या बाजारात आल्या. त्या काळच्या गाण्यांच्या शेवटी गायिका आपलं नाव खणखणीत आवाजात सांगतात, त्याचं कारणही हाच प्रवास असल्याचं सांगितलं जातं. हजारो मैलांवरच्या कामगारांना कुठली चकती कोणाची हे कळायला हवं होतं. १९०८मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू झाला आणि ही ये-जा थांबली.

मेण मऊ, लाख ठिसूळ आणि वाटेत तांबड्या समुद्राचा उकाडा. तरी माल पोचला, विकला गेला, आणि त्यातल्या काही तबकड्या सव्वाशे वर्षांनंतर आजही वाजतात.

आता त्याच जातीची एखादी तबकडी नागपुरातल्या घरातून निघते, तिसऱ्या दिवशी पुण्यात पोचते, आणि घेणाऱ्यानं पाकीट उघडलं की आतून तुकडे निघतात. रस्ते सुधारले, दिवस कमी झाले, पार्सल कुठवर आलं ते मोबाइलवर घरबसल्या दिसू लागलं. बिघडली ती बांधणी. जुन्या, नाजूक वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री जोरात सुरू असताना बांधणीकडे मात्र सगळे जण टाळायचा खर्च म्हणून पाहतात. विकणारा त्यात बचत करतो, घेणारा त्याचे पैसे द्यायला कुरकुरतो, आणि ज्या मंचावर व्यवहार होतो तो मंच त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

वस्तू नवी असती तर एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. मिक्सरचं भांडं फुटलं तर दुसरं येतं. लाखेची तबकडी, ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाची मूळ काच किंवा आजीच्या माजघरातली झाकणासकट शाबूत असलेली चिनी मातीची बरणी फुटली, तर जगातल्या उरलेल्या नगांतला एक कायमचा कमी होतो. पैसे परत मिळाले तरी ही वजाबाकी भरून निघत नाही. म्हणूनच अशा वस्तूची बांधणी हा विक्रीचाच भाग मानायला हवा, आणि तिची किंमत उघडपणे मांडून उघडपणे घ्यायला हवी.

पूर्वी हा प्रश्न फारसा येत नसे, कारण व्यवहार हातातून हातात होई. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात माणूस तबकडी उचलायचा, उजेडाकडे तिरकी धरून चरे बघायचा, कडेवरून बोट फिरवून टवका शोधायचा, घासाघीस करायचा आणि बगलेत धरून घरी न्यायचा. फुटलीच तर त्याच्याच हातून फुटायची. आता वाडे पडतायत, माळे रिकामे होतायत, आजोबांचा ग्रामोफोन आणि त्याच्यासोबतची पेटी नातवंडांच्या हाती येते. दोन खोल्यांच्या घरात ठेवायला जागा नसते, मग फोटो काढून विकायला टाकतात. विकणारा अमरावतीत, घेणारा बेळगावात, आणि दोघांच्या मधे किमान अर्धा डझन अनोळखी हात, दोन-तीन गोदामं आणि कित्येक चढउतार. घेणाऱ्याच्या बगलेची जागा आता पुठ्ठ्याच्या खोक्याला घ्यावी लागते, आणि त्या खोक्यात काय घालायचं हे बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं.

तबकडी इतक्या सहज का फुटते, हे तिच्या घडणीतच आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड पूर्ण लाखेची नसते. लाखेचा वाटा साधारण चौथ्या हिश्शापासून एक तृतीयांशापर्यंत, बाकी दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. ही लाख कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळते आणि तिचा मोठा पुरवठा जगाला भारतातून होत असे. म्हणजे १९०२-०३च्या त्या व्यवहारात आवाजही इथून गेला, लाखही बहुधा इथलीच, आणि दोन्ही मिळून परत इथेच आले. दगडाच्या पुडीमुळे तबकडी कडक होते, पोलादी सुईचा घास सोसते, पण वाकणं तिला माहीत नाही. पुढे आलेली व्हिनाइलची रेकॉर्ड दाबली तर लवते. लाखेची लवत नाही, सरळ तडकते. शिवाय ती उष्णतेनं मऊ पडते, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात उभीआडवी पडलेली तबकडी फुटली नाही तरी पसरट ताटलीसारखी होऊन येते.

धक्का आणि उष्णता, या दोन्ही शत्रूंवर इलाज आहे, आणि त्याला लागणारं सामान महागही नाही. जाणता संग्राहक तबकडी कशी बांधतो ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. जुन्या जाड पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये तबकड्या असतील तर तो आधी त्या बाहेर काढतो. अल्बम सुंदर असतो, पण प्रवासात त्याच्या कण्याशीच कडा तुटतात. प्रत्येक तबकडी साध्या कागदी पाकिटात जाते. मग तबकडीपेक्षा चारही बाजूंनी बोट-दीड बोट मोठे असे नालीदार पुठ्ठ्याचे चौकोन कापायचे. पुठ्ठ्याच्या आतल्या नाल्या एकाच दिशेला धावतात, त्यामुळे पुठ्ठा एका अंगानं ताठ आणि दुसऱ्या अंगानं लवचिक असतो. म्हणून एक चौकोन उभ्या नाल्यांचा, पुढचा आडव्या नाल्यांचा, असे आलटून पालटून लावायचे. दोन तबकड्यांच्या मधे पुठ्ठा, वर-खाली दोन-दोन पुठ्ठे, आणि सगळ्याला चिकटपट्टीनं असं बांधायचं की हलवल्यावर आत काही सरकणार नाही, पण तबकडीवर ताणही येणार नाही. दहा इंची आणि बारा इंची तबकड्या एका गठ्ठ्यात कधीही नाहीत. मोठीचा बाहेर आलेला काठ आधाराविना राहतो आणि पहिल्या दणक्याला जातो.

हा गठ्ठा आतल्या खोक्यात, आणि आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात. दोन्हींच्या मधे सहाही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण हवं: बबल, फोम किंवा चुरगळून घट्ट कोंबलेला कोरा कागद. आतलं खोकं बाहेरच्याला कुठेही टेकता कामा नये. सगळं बंद केल्यावर कानाशी धरून हलवायचं. आवाज आला तर पुन्हा उघडायचं.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी, कारण ही चूक चांगल्या मनाची माणसंही करतात. थर्माकोलचे मोकळे गोळे भरणाला घेऊ नयेत. प्रवासातल्या हादऱ्यांनी ते बाजूला सरत जातात आणि जड वस्तू हळूहळू तळाला किंवा कोपऱ्याला जाऊन टेकते. छापील वर्तमानपत्राची शाई चिनी मातीवर आणि जुन्या कागदावर उतरते, आणि एकदा दाबलं गेलेलं वर्तमानपत्र पुन्हा उसळी घेत नाही. बबल थेट रंगवलेल्या किंवा वार्निश केलेल्या पृष्ठभागावर गुंडाळला तर उकाड्यात त्याचे गोल ठसे उमटतात, म्हणून आधी पातळ कागद आणि मग बबल.

बबलची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९५७मध्ये न्यू जर्सीतल्या आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान यांना प्लास्टिकचे दोन पापुद्रे जोडून भिंतीवर लावायचा उठावदार कागद करायचा होता. तो भिंतीवर कुणाला नको होता. पुढे आयबीएमनं आपले संगणक पाठवताना तो वापरला आणि त्याला खरं काम सापडलं. नालीदार पुठ्ठाही आधी टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी निघाला. १८७१मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचं पेटंट घेतलं. कराडजवळच्या ओगलेवाडीत घडलेल्या कंदिलाची काच आज कोणी विकायला काढली, तर तिच्यासाठी योग्य वेष्टण दीडशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलेलं आहे. काच कंदिलाच्या सांगाड्यातून बाहेर काढायची, आत कागद भरायचा, बाहेरून नालीदार पुठ्ठ्याची गुंडाळी करायची आणि सांगाडा वेगळा बांधायचा. बहुतेक विक्रेते कंदील जसाच्या तसा खोक्यात ठेवतात, आणि पत्र्याच्या तारांमधे अडकलेली काच पहिल्या उतरणीलाच बोलते.

बरणीचंही तेच. झाकण वेगळं, बरणी वेगळी, बरणीच्या पोटात भरण. राजा रविवर्म्यांच्या छापील चित्रांची जुनी चौकट असेल तर काच काढून ठेवलेली उत्तम. ती काढता येत नसेल तर निदान तिच्यावर कागदी चिकटपट्टीच्या फुल्या माराव्यात, म्हणजे फुटली तरी काचा चित्रावर ओरखडे काढत फिरणार नाहीत. आणि जून ते सप्टेंबर बाहेरच्या खोक्याच्या आत एक प्लास्टिकचा थर हवाच. ओल धरलेल्या पुठ्ठ्यात ताकद राहत नाही, एकावर एक रचलेल्या खोक्यांत तो खाली बसतो.

ज्यांना हे सगळं माहीत आहे, तेही का करत नाहीत? आळस हे एक कारण आहे, पण मोठं कारण कुरिअरच्या दरपत्रकात आहे, आणि त्याची चर्चा व्हायलाच हवी.

कुरिअर कंपन्या वजन दोन तऱ्हांनी धरतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानावरचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच कंपन्यांच्या हिशेबात ५०००नं भागायची. जे जास्त भरेल त्याचे पैसे. दहा इंची तबकडीचं खरं वजन पाव किलोच्या आसपास. ती ३० बाय ३० बाय ३ सेंटिमीटरच्या चपट्या पाकिटात घातली तर आकारमानाचं वजन अर्ध्या किलोच्या जरासं वर येतं. तीच तबकडी वर सांगितल्याप्रमाणे दोन खोक्यांत घातली, बाहेरचं खोकं ४० बाय ४० बाय १५चं झालं, तर आकारमानाचं वजन भरतं ४.८ किलो. वस्तू तीच, वजन तेच, आणि आकारणी जवळजवळ नऊपट वजनावर. ज्या रिकाम्या जागेमुळे तबकडी वाचते, नेमकी तीच जागा महाग पडते. पाचशे रुपयांच्या तबकडीसाठी एवढा खर्च करायला विकणारा तयार नसतो, घेणाराही नसतो, आणि ‘मोफत घरपोच’ची सवय लागल्यावर तर हा खर्च सांगायचीही चोरी होते. विक्रेता तो किमतीत लपवतो, आणि लपवलेला खर्च कापायला सोपा असतो.

मालमोटारीत जागा मर्यादित असते, हे कुरिअरवाल्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी हवा फुकट वाहून न्यावी अशी मागणी कोणी करू नये. पण या गणितातच एक वाट आहे. दहा तबकड्या नीट एका गठ्ठ्यात बांधल्या तर ४० बाय ४० बाय २२च्या खोक्यात मावतात, म्हणजे आकारमानाचं वजन साधारण ७ किलो. एका तबकडीमागे ७०० ग्रॅम. एकटी पाठवताना जो बोजा पावणेपाच किलोचा होता तो इतका खाली येतो. म्हणून तबकड्या सुट्या-सुट्या विकण्यापेक्षा घेणाऱ्याच्या नावावर बाजूला ठेवून, आठ-दहा जमल्या की एकत्र पाठवणं शहाणपणाचं. अनेक संग्राहक हे आपसात करतातच. विक्रीच्या मंचांनी तशी सोय दिली तर नवख्यांनाही ते जमेल.

‘नाजूक, जपून हाताळा’ असं लाल अक्षरात लिहिलं की कर्तव्य संपलं, हा गैरसमज घट्ट बसलेला आहे. मोठ्या गोदामांत पार्सलं पट्ट्यांवरून धावतात, घसरगुंडीवरून खाली येतात, एकावर एक आदळतात. पट्टा अक्षर वाचत नाही. आणि जो हमाल वाचू शकतो त्याच्या पुढ्यात रात्रीच्या पाळीत मालमोटार रिकामी करायची घाई असते. तुटपुंज्या मजुरीवर शेकडो खोकी उचलणाऱ्या माणसावर फुटलेल्या तबकडीचं खापर फोडणं अन्यायाचं आहे. खोकं पडणारच, असं धरूनच ते बांधायला हवं. मालवाहतुकीतल्या बांधणीच्या चाचण्या ठरवणारी ‘इस्टा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था हेच धरून चालते. तिच्या प्राथमिक चाचणीत साडेनऊ किलोपर्यंतचं खोकं ७६ सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर. टेबलाच्या उंचीवरून दहा वेळा. घरी बांधलेलं पार्सल या कसोटीला उतरेल का, हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्यानं चिकटपट्टी लावायच्या आधी स्वतःला विचारावा.

ही कसोटी नवी नाही. मिंग काळातल्या शेन दफू या चिनी लेखकानं चिनी मातीची भांडी दूरवर पाठवण्याची एक रीत नोंदवून ठेवली आहे. भांड्यांमधे वाळू-माती भरायची, त्यात सोयाबीन आणि गव्हाचे दाणे पेरायचे, पाणी शिंपडत राहायचं. दाणे रुजले की मुळं सगळ्यांना घट्ट धरून ठेवतात. मग तो गठ्ठा जमिनीवर टाकून पाहायचा, आणि जो शाबूत राहील तोच गाडीत चढवायचा. चारशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्याला कळत होतं की परीक्षा निघण्याआधी घ्यायची असते. डच व्यापाऱ्यांचं गेल्डरमाल्सन हे जहाज १७५२मध्ये दक्षिण चिनी समुद्रात बुडालं. १९८५मध्ये ते सापडलं तेव्हा त्यातून दीड लाखाच्या आसपास चिनी मातीच्या वस्तू वर आल्या आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला. पेट्यांवर चहाचा थर होता, तो कुजून गाळ झाला आणि त्यानं भांडी सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ सांभाळली. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती दरवर्षी भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधी बोटीनं अमेरिका-इंग्लंडला निघतात. सोंड, बोटं, मुकुटाची टोकं, सगळं मोडण्यासारखंच असतं, तरी त्या पोचतात आणि त्यांची प्रतिष्ठापना होते. म्हणजे नाजूक वस्तू पाठवण्याची विद्या महाराष्ट्रातही आहे. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात ती अजून उतरलेली नाही.

वस्तू फुटलीच तर कायदा किती मदत करतो? विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा कमी. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात जबाबदारीची मर्यादा छापलेली असते. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात एका कुरिअर कंपनीकडे दिलेलं कागदपत्रांचं पाकीट परदेशात पोचलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं भरपाई पावतीवर छापलेल्या १०० डॉलरवर आणली, आणि १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. सही केलेली अट बांधून ठेवते, असा त्याचा अर्थ. टपाल खात्याला तर १८९८च्या कायद्यानंच जबाबदारीतून बरीचशी सूट दिलेली होती, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३च्या कायद्यातही नियमांत ठरवून दिलेल्यापलीकडे जबाबदारी नाही. विमा काढता येतो, पण मालविम्याच्या प्रमाण अटींत अपुऱ्या बांधणीमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. सगळ्या वाटा फिरून पुन्हा बांधणीपाशीच येतात.

मोठ्या मंचावरून, नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी झाली असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० उपयोगी पडतात. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं त्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण जुन्या वस्तूंचे कितीतरी व्यवहार समाजमाध्यमांवरच्या गटांत, दोन हौशी माणसांमध्ये होतात. तिथे यातलं काहीच हाताशी नसतं, फक्त एकमेकांचा शब्द असतो. त्या गटांच्या चालकांवर म्हणूनच जबाबदारी जास्त आहे. प्रत्येक विक्रीच्या नोंदीत बांधणीचा खर्च वेगळा लिहायचा, बांधताना दोन-तीन टप्प्यांचे फोटो घेणाऱ्याला पाठवायचे, घेणाऱ्यानं पार्सल उघडताना सलग चित्रीकरण करायचं, आणि फुटलं तर नुकसान कोणी किती सोसायचं हे आधीच ठरवायचं. एवढे नियम गटाच्या माथ्यावर लावले तरी बरेच वाद मिटतील. उघडतानाचं चित्रीकरण विक्रेत्यालाही वाचवतं, कारण आधीच तडा गेलेली आपली तबकडी दाखवून पैसे परत मागणारेही असतातच.

काही जण म्हणतील, एवढा आटापिटा कशाला, सगळी गाणी आता यूट्यूबवर आहेत. ही समजूत दोन कारणांनी चुकीची आहे. एक म्हणजे यूट्यूबवरचं गाणं कोणत्या तरी तबकडीवरूनच उतरवलेलं असतं, आणि बऱ्याचदा झिजलेल्या. कमी झिजलेली दुसरी प्रत आणि नेमक्या जाडीची सुई मिळाली तर त्याच गाण्यातला तंबोरा, तानेचा शेवट, पेटीचा भाता स्वच्छ ऐकू येतो. अल्लादिया खाँसाहेबांचं किंवा भास्करबुवा बखल्यांचं गाणं तबकडीवर आलंच नाही, त्यांच्याबद्दल आज फक्त आठवणी वाचता येतात. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई, हिराबाई तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमधून ऐकू येतात, आणि त्यातली प्रत्येक चांगली प्रत पुढच्या संशोधकाचा कच्चा माल आहे. दुसरं कारण तबकडीच्या मधल्या कागदावर आणि त्याच्या कडेच्या गुळगुळीत भागात असतं: कंपनीचं नाव, यादी क्रमांक, साच्याचा क्रमांक. कोणतं गाणं केव्हा, कुठे, कोणाच्या साथीनं मुद्रित झालं हे शोधायला हेच धागे लागतात. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९०पासून हे काम करते आहे, आणि तिचा सगळा आधार घरोघरच्या शाबूत तबकड्यांवर आहे. बंद पडलेल्या छोट्या कंपन्यांच्या कितीतरी गाण्यांची संग्राहकाकडची प्रत हीच उरलेली प्रत असते.

इथल्या तबकड्यांना बाहेरूनही मागणी आहे. इंग्लंडमध्ये ७८च्या तबकड्या काढणं बंद झाल्यावरही कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात त्या निघत राहिल्या, त्यामुळे भारतात बीटल्सची गाणीही लाखेच्या तबकडीवर आली. जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात. न्यू जर्सी, लंडन, सिंगापूरमधली मराठी घरंही नाट्यसंगीताच्या तबकड्या मागवतात. परदेशी पार्सल विमानात चढतं, उतरतं, सीमाशुल्काच्या टेबलावर उघडलं जातं आणि पुन्हा अनोळखी हातांनी बंद होतं. म्हणून आतलं खोकं असं हवं की उघडणाऱ्याला ते मोडावं लागणार नाही. वरच एका कागदावर आत काय आहे, कसं काढायचं आणि परत कसं ठेवायचं हे इंग्रजीत लिहून चिकटवावं. आणखी एक गोष्ट विक्रेत्यांनी विसरू नये. पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२नुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कला-कारागिरीची वस्तू पुरातन वस्तू ठरू शकते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर ती वस्तू पुरातन नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. नाजूक चिनी माती, जुनी काचचित्रं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या तबकड्या विकताना हा विचार हवा.

काही वस्तू पार्सलनं पाठवूच नयेत, हेही स्पष्ट म्हणायला हवं. आधीच केसाएवढा तडा गेलेली तबकडी, जोडलेली बरणी, काचेवर रंगवलेलं चित्र, काचेच्या निगेटिव्ह. यांना चांगली बांधणीही पुरेशी पडेलच असं नाही. ‘फक्त हातोहात’ असं लिहून विकायला कोणाची हरकत नसावी. घेणारा महिनाभर थांबेल, कुणी नातेवाईक त्या गावाहून येणार असेल, संग्राहकांचा मेळावा जवळ असेल, तेव्हा वस्तू हातात पडेल. तोवर विक्रेत्यानं ती उभी, सावलीत, मऊ कापडात ठेवावी आणि इसारा घेऊन ती दुसऱ्याला विकणार नाही एवढा शब्द द्यावा. आणि ज्याला पार्सलच हवं त्यानं किंमत विचारताना पहिला प्रश्न बांधणीचा करावा: खोकी किती, मधे काय, बाहेरचं माप काय. विक्रेत्यानं सांगितलेला बांधणीचा खर्च ऐकून घासाघीस करायची असेल तर ती वस्तूच्या किमतीत करावी, पुठ्ठ्याच्या किमतीत नव्हे.